फोटो फक्त दुःखद बातमीचा

धाकू घाडीला सगळे अ‍ॅडमिन म्हणायचे. घरी बायको 'अहो' म्हणायची, प्रेसमध्ये मालक 'घाडी' म्हणायचा. बाकी जोगेश्वरीपासून मुलुंडपर्यंत पसरलेली कासरखोल गावची हजारेक माणसं त्याला अ‍ॅडमिन म्हणूनच ओळखायची. भाचीच्या लग्नाच्या पत्रिकेत मामांच्या रांगेत 'श्री. धाकू घाडी (अ‍ॅडमिन)' असं छापून आलं होतं, आणि ती पत्रिका जुळवली होती खुद्द धाकूनेच. आता बोला! माणसाला थोडी तरी लाज असावी की नाही? पण नव्हती, आणि त्याला तसं कारणही होतं.

बाप गिरणीत होता. गिरणी बंद पडली तेव्हा धाकू विशीतला. धडपडत गोरेगाव पूर्वेच्या एका प्रेसमध्ये लागला, छपाईचे खिळे जुळवणाऱ्यांच्या हाताखाली. पुढे खिळे गेले, कॉम्प्युटर आला, आणि धाकू कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवायला शिकला. सबंध चाळीत मराठी टाइप करता येणारा तो एकटा. दोन हजार सहाच्या सुमारास प्रेसशेजारच्या सायबर कॅफेतल्या पोराने त्याला ऑर्कुट नावाचा इंटरनेटवरचा कट्टा दाखवला. धाकूने तिथल्या तिथे 'आम्ही कासरखोलकर' नावाची कम्युनिटी काढली, देवळाचा एक पुसट फोटो लावला आणि वाट बघत बसला.

आठ दिवसांनी मस्कतहून एकाने लिहिलं, 'मी खालच्या वाडीतला, दामू तेल्याचा नातू. विहिरीजवळचा रायवळ आंबा अजून आहे काय?' धाकूच्या अंगावर काटा आला. त्याने अर्धं पान उत्तर लिहिलं. आंबा आहे, फांदी वीज पडून मोडली, यंदा मोहर बरा आहे, तुझी काकू पडवीत बसलेली असते. मग माणसं येत गेली. येणारा प्रत्येक जण आपण कोणाचा, कोणत्या वाडीतला ते सांगायचा, आणि बाकीचे 'ये रे, बस' म्हणून त्याला आत घ्यायचे. पालखी आधी वरच्या वाडीत की खालच्या, यावरून दीडशे पोस्टी भांडण झालं. आईबापावर गेले लोक! पण भांडणारे दोघे पुढच्या रविवारी जोगेश्वरी स्टेशनबाहेर भेटले, वडापाव खाल्ले आणि एकमेकांच्या पोरांची चौकशी करून घरी गेले. कारण लिहिलेला शब्द न शब्द समोरच्याने वाचलेला असायचा. भांडायला तरी आधी वाचावं लागतं ना!

सुगंधाला, धाकूच्या बायकोला, कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. ती घरी साड्यांना फॉल-पिको करायची. पण रोज जेवायला वाढताना विचारायची, "आज कोण आलं?" आणि धाकू मासळीच्या आमटीत भात कालवत एकेकाचं नाव, वाडी, खबर सांगायचा. त्यातली बरीच माणसं तिने कधी पाहिली नव्हती, पण त्यांच्या पोरांची दहावीची टक्केवारी तिला पाठ होती.

दोन हजार आठमध्ये गावच्या चंदू लाडाला गोरेगावच्या हायवेवर टेम्पोने उडवलं. धाकूने कॅफेत धावत जाऊन 'रक्त हवे' असं लिहिलं. कोणीतरी ऑफिसात वाचलं, त्याने दुसऱ्याला मेसेज केला, दुसऱ्याने तिसऱ्याला. संध्याकाळपर्यंत हॉस्पिटलच्या दारात तेवीस माणसं. वॉचमन घाबरला, म्हणाला, "मोर्चा आहे काय?" सुगंधाही रांगेत उभी राहिली. चंदू वाचला, आणि त्या रक्ताच्या तपासणीत एक विलक्षण गोष्ट निघाली. तेवीस जणांत दोघांचं रक्त 'बॉम्बे' गटाचं होतं. हजारो माणसांत एखाद्याचंच असतं म्हणे. ते दुसऱ्या कोणत्याही गटाचं रक्त घेत नाही, ओ गटाचंसुद्धा नाही. एक सुगंधा, आणि दुसरा मुलुंडला बँकेत शिपाई असलेला चंद्रप्रकाश गावडे. पिढ्यान् पिढ्या एकाच गावात सोयरिकी केल्यावर असं कुठेतरी जुळायचंच. डॉक्टर म्हणाले, "एकमेकांचा पत्ता जपून ठेवा." धाकूने दोघांची नावं कम्युनिटीवर ठळक अक्षरात टाकली. तिथे ती कायमची राहणार असं त्याला वाटलं.

कायमचं काय राहतं? ऑर्कुट बंद पडलं, त्याच्याबरोबर ठळक अक्षरंही गेली. धाकूने व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला. पहिलं वर्ष झकास गेलं. मग सकाळ सुरू झाली. गुलाबाच्या फुलावरची शुभ सकाळ, चहाच्या कपावरची शुभ सकाळ, वाफेसकट. मग वाढदिवस. मग निवडणुका, घरगुती औषधं, कुठल्या तरी परदेशातल्या पुराचा व्हिडिओ 'आपल्या कणकवलीचा' म्हणून. माणसं वाढत वाढत साडेनऊशे झाली आणि बोलणारी पंधरावीस उरली. बाकीच्यांनी ग्रुपचा आवाज बंद करून टाकला. सोडून जायला कोणी तयार नव्हतं, गावाचा ग्रुप पडला ना! आणि वाचायलाही कोणी तयार नव्हतं. नवा माणूस आला तर आता 'तू कोणाचा' असं कोणी विचारत नव्हतं. नुसता नंबर आत यायचा आणि गपगुमान पडून राहायचा.

कोविडमध्ये तर कहर झाला. रोज दोन-दोन मरणं. धाकू घरी बसून मेलेल्यांच्या फोटोला काळी चौकट लावायचा, खाली समई, वर नाव. एकदा त्याने वरच्या वाडीच्या म्हातारीचा फोटो टाकला आणि पाचच मिनिटांत त्याच्याखाली कोणीतरी आपल्या पोराचा केक कापतानाचा फोटो टाकला. मेणबत्त्यांसकट! म्हातारीची पोरं भडकली. धाकूही भडकला आणि त्याने नियम केला: ग्रुपवर फोटो फक्त दुःखद बातमीचा. बाकी कोणीही फोटो टाकला की धाकू तो उडवायचा. सगळ्यांनी होकाराचे अंगठे टाकले. चार वर्षं तो नियम काटेकोर पाळला गेला. त्या ग्रुपात दुसरं काहीच इतक्या शिस्तीत झालं नाही.

हळूहळू हात आपोआप चालायला लागले. फोटो दिसला की 'भा' दाबायचं, पुढचं 'भावपूर्ण श्रद्धांजली' फोनच सुचवतो. कोण गेलं, कधी गेलं, हे वाचायची गरज उरली नाही. धाकूनेही हेच केलं होतं, खोटं कशाला सांगा. एकदा प्रेसमध्ये काम उरकता उरकता त्याने एका फोटोला श्रद्धांजली वाहिली आणि दोन दिवसांनी त्याला कळलं, तो मस्कतवाला होता. दामू तेल्याचा नातू.

यंदाच्या मे महिन्यात सुगंधाला पोटातल्या गाठीमुळे रक्तस्राव सुरू झाला. महिनाभर तिने तो अंगावर काढला, कोणाला बोलली नाही. लग्नसराईच्या साड्या पडल्या होत्या ना! एका संध्याकाळी शिलाई मशीनवरच शुद्ध हरपून कोसळली. लेक जान्हवी एका विमा कंपनीत कामाला, ती ऑफिसातून धावत आली. दोघांनी मिळून सुगंधाला हॉस्पिटलात नेलं. सकाळी डॉक्टरीण बाहेर आली आणि म्हणाली, "रक्त फार कमी झालंय. ऑपरेशन आजच करायला हवं, पण रक्त हातात असल्याशिवाय मी त्यांना टेबलावर घेणार नाही. एक बाटली मिळाली तरी मी सुरुवात करते. तुमच्याकडे दुपारपर्यंतचा वेळ आहे."

जान्हवीने एकेक ब्लड बँक गाठली. बॉम्बे गटाचं रक्त कुठेच नव्हतं. एका यादीवरून सांगलीचा एक जण सापडला, बिचारा लगेच निघालासुद्धा, पण पोचायला संध्याकाळ होणार होती. आणि मुंबईत होता चंद्रप्रकाश. त्याचा जुना नंबर लागत नव्हता. ग्रुपात तो आहे हे नक्की, पण साडेनऊशे नंबरांतला कुठला? बहुतेकांच्या नावाच्या जागी टिंब आणि फोटोच्या जागी गणपती.

"ग्रुपवर टाका बाबा," जान्हवी म्हणाली. "आणि आईचा फोटो लावा. नुसता मजकूर कोणी वाचत नाही. फोटो असला की थांबतात लोक."

पोरीचं काही चुकलं नाही. जगात सगळीकडे तसंच आहे. चुकलं धाकूचं. वीसेक वर्षं ज्या माणसाने ग्रुप चालवला, नियम ज्याने केला, त्याला त्या घडीला आपलाच नियम आठवला नाही. डोळ्यांसमोर सुगंधाचा पांढराफटक चेहरा होता. त्याने तिचा चांगला फोटो शोधला, भाचीच्या लग्नातला, नाकात नथ, केसांत अबोली. खाली लिहिलं की सुगंधा घाडी, जोगेश्वरी, हॉस्पिटलात आहे, बॉम्बे गटाचं रक्त तातडीने हवं आहे, चंद्रप्रकाश गावडे मुलुंड यांनी किंवा त्यांना ओळखणाऱ्यांनी ताबडतोब फोन करावा. हॉस्पिटलचं नाव, वॉर्ड आणि स्वतःचा व जान्हवीचा नंबर दिला. पावणेदहाला पोस्ट गेली.

पहिलं उत्तर मिनिटाच्या आत आलं. 'भावपूर्ण श्रद्धांजली.'

दुसरं, तिसरं, दहावं. 'ईश्वर मृतात्म्यास शांती देवो.' 'वहिनी फार मायाळू होत्या.' धाकूने लिहिलं, 'अहो ती जिवंत आहे! रक्त हवंय!' त्यालाही कोणीतरी हात जोडले. त्याच्याखाली आणखी तीस श्रद्धांजल्या येऊन पडल्या आणि त्याचं वाक्य वर कुठेतरी गडप झालं. जान्हवीने बाबांच्या मोबाईलवरून पोस्ट उडवली, पण उत्तरं तशीच येत राहिली. आता तर फोटोही नव्हता, होती ती नुसती श्रद्धांजली, आणि ती वाचून मागून येणारे आपली एक वाहत होते. "ग्रुप बंद करा, कोणाला लिहिता येणार नाही असं करा," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. धाकूने नकारार्थी मान हलवली. चंद्रप्रकाशला लिहायचं असलं तर?

मग फोन सुरू झाले. पहिला बोरिवलीच्या हर्षदचा, गावच्या मंडळाच्या सेक्रेटरीचा.

"धाकूदा, कसां झालां रे? किती वाजता काढतास?"

"काढतास काय मेल्या! जिती आसा ती!"

"पण फोटो टाकलंस ना तू…"

फोटो टाकलंस ना. धाकूच्या लक्षात आलं तेव्हा त्याने हॉस्पिटलच्या भिंतीवर कपाळ आपटून घेतलं. हर्षदने लगोलग ग्रुपवर 'सदर बातमी चुकीची आहे' असं टाकलं, पण कुठली बातमी ते लिहिलं नाही; चंद्रप्रकाशचा नंबर त्याच्याकडेही नव्हता. फोन काही थांबेनात. एक ठेवावा तर दुसरा वाजतोय, जान्हवीचा तसाच. गावात सुगंधाच्या भावाला कोणीतरी कळवलंसुद्धा. त्याने विहिरीवर आंघोळ केली आणि ओल्या अंगाने मुंबईची गाडी विचारायला गेला.

आतून सुगंधाने हाक मारली. धाकू तिच्या खाटेशी गेला. आवाज खोल गेला होता, पण शुद्ध होती.

"एवढे फोन कोणाचे?"

"गावची माणसं," धाकू म्हणाला. "विचारतायत तुझं."

"सगळी?" तिचा चेहरा उजळला हो! "म्हणजे आहेत अजून. तुम्ही उगाच म्हणत होता, कोणी वाचत नाही. कोण कोण आहे, सांगा ना."

धाकूने मोबाईल काढला. काय करणार होता? श्रद्धांजल्यांच्या यादीवरून त्याने एकेक नाव वाचायला सुरुवात केली. वरच्या वाडीची राधा. घाटकोपरचा निमेश. जयंती मावशी. लाडांचा चंदू. होय, त्यानेही वाहिली होती, ज्याच्यासाठी ती रांगेत उभी राहिली होती त्याने. प्रत्येक नावाला सुगंधा मान हलवत होती. "जयंती मावशींना गुडघ्याचं विचारा," ती म्हणाली. धाकू हो म्हणाला आणि पुढचं नाव वाचलं. आपल्या बायकोला तिच्याच मरणाची हजेरी वाचून दाखवायची वेळ वैऱ्यावर येऊ नये.

चंद्रप्रकाश साडेतीनला आला, घामाघूम, शर्ट बाहेर आलेला. दारातच त्याने धाकूचे हात धरले.

"माफ कर मला दादा. मी सकाळीच निघालो होतो रे."

तो ग्रुप वाचणाऱ्या थोड्यांतला एक. दहाच्या आधीच त्याने पोस्ट पाहिली, पूर्ण वाचली, 'निघालो' एवढं लिहिलं आणि रिक्षा पकडली. त्याचं 'निघालो' श्रद्धांजल्यांच्या ढिगात कोणाला दिसलं नाही. पवईच्या तलावाशी गाडी अडकली, म्हणून वॉर्ड नंबर बघायला त्याने मोबाईल उघडला तर पोस्ट गायब, आणि खाली शंभरावर श्रद्धांजल्या. त्याने धाकूला फोन लावला, बिझी. जान्हवीला लावला, बिझी. मेलेल्या बाईच्या नवऱ्याला किती वेळा फोन करणार? आपल्याला उशीर झाला, असं म्हणून तो भर रस्त्यात रिक्षात बसून रडला आणि रिक्षावाल्याला म्हणाला, वळव मागे. दुपारी बँकेत जेवताना, प्रेत कधी काढणार ते बघावं म्हणून त्याने ग्रुप वरपर्यंत नेला, तेव्हा त्याला धाकूचं वाक्य सापडलं. अहो ती जिवंत आहे.

त्याला लगेच झोपवलं, बाटलीभर रक्त काढलं. ते तपासल्याशिवाय चढवता येत नाही, तपासायला दोन तास. चंद्रप्रकाश बाकावर दंडाला कापूस दाबून बसला आणि दर दहा मिनिटांनी उठून "झालं काय?" विचारत राहिला. पाचला दहा मिनिटं असताना डॉक्टरीण बाहेर आली. तिने काही सांगायच्या आधीच जान्हवीने किंकाळी फोडली. चंद्रप्रकाशची बाटली पावणेसहाला तयार होऊन वर आली. नर्सने तिच्यावरचं नाव वाचलं आणि ती परत खाली घेऊन गेली.

कळवायला तर हवंच होतं. हर्षद म्हणाला, मी टाकतो. धाकू म्हणाला, नको, मीच टाकतो. हॉस्पिटलच्या पायरीवर बसून त्याने तोच नथीचा फोटो घेतला, खाली नाव लिहिलं, वेळ लिहिली, रात्री आठ वाजता ओशिवरा स्मशानभूमी असं लिहिलं. शेवटी लिहिलं, 'ही बातमी खरी आहे.'

पंधरा मिनिटं गेली. अर्धा तास गेला. एकही उत्तर नाही. पोस्ट पाहिलेल्यांची यादी वाढत होती, माणसं बघत होती आणि पुढे जात होती. सव्वासातला एक उत्तर आलं. चंदू लाडाचं.

'अ‍ॅडमिन, आम्ही सकाळीच वाहिली आहे.'

स्मशानात धाकू, जान्हवी, हर्षद, चंद्रप्रकाश, प्रेसमधले दोघे आणि सांगलीहून नुकताच उतरलेला तो अनोळखी माणूस, असे सात जण होते. खांदा द्यायला चार पुरतात, तेवढे होते. सांगलीवाल्याने जान्हवीला हळूच विचारलं, "यांचं नाव काय होतं?"

"सुगंधा," धाकूने सांगितलं. "कासरखोलची. खालच्या वाडीतली." आणि दिवसभरात पहिल्यांदाच कोणीतरी विचारलं म्हणून, तो त्या परक्या माणसाच्या गळ्यात पडून मोठ्याने रडला.